डिंक्या पन्हेरीतच (रोपवाटिकेतच) अडवा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार. दोन एकरांत २२० झाडे लावली होती. सातव्या वर्षी आंबिया बहर, म्हणजे हिवाळ्याअखेरचा मोहोर, अंगावर असताना एका ओळीतल्या झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. वाकून पाहिले तर बुंध्याची साल तडकून डिंक ओघळत होता. साल खरवडली, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, आळ्यात औषध ओतले. तरी तीन वर्षांत ६४ झाडे काढावी लागली. उपटलेल्या झाडाचे तंतुमूळ चिमटीत धरून ओढले की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा.

आम्ही याला डिंक्या म्हणतो. दुकानदार बुरशी म्हणतो आणि बुरशीनाशक देतो. पण हा रोग करणारी फायटोफ्थोरा खरी बुरशी नाही. तिचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी आहे. गावोगाव खपणारे कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही, हे मला त्या ६४ पैकी निम्मी झाडे गेल्यावर कळले. तिचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात पोहतात आणि मूळ शोधून काढतात. आमची भारी काळी जमीन, त्यात पाट पाणी. खोडाला पाणी टेकले की तिला वाट मोकळी. शिवाय जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून त्याच खड्ड्यात नवे कलम लावायचे म्हटले तरी हात थरथरतो.

हे दुखणे एकट्या संत्र्याचे नाही. नाशिकच्या द्राक्षावरची डावणी, कोकण-गोव्यातल्या सुपारीचा कोळेरोग, साताऱ्याच्या आल्याची कंदकूज, सगळी याच गणगोतातली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजला आणि सुमारे दहा लाख माणसे दुष्काळात गेली, तीही हिच्याच सख्ख्या बहिणीमुळे.

आणि जंगले! कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ओकची झाडे झपाट्याने मरू लागली. कारण होती फायटोफ्थोराचीच एक जात, जी युरोपातल्या रोपवाटिकांत शोभेच्या ऱ्होडोडेंड्रॉनवरही सापडली. पश्चिम ऑस्ट्रेलियात दुसऱ्या एका जातीने जर्राची (निलगिरीच्या जातकुळीतल्या झाडाची) जंगले वाळवली. रस्त्यांची खडी आणि गाड्यांच्या चाकांना चिकटलेली माती तिला पुढे नेत राहिली. तिथे आता जंगलात शिरण्याआधी बूट आणि चाके धुवावी लागतात. आपल्याकडेही दर पावसाळ्यात रोपवाटिकांतल्या लाखो पिशव्या वृक्षलागवडीसाठी डोंगरांवर चढतात. त्या पिशव्यांतल्या मातीत काय आहे, हे कुणी तपासते का?

महोदय, माझी मागणी इथेच आहे. रोग शेतात येतो तो बहुतेकदा कलमाच्या पिशवीतल्या मातीतून. झाड मेल्यावर पंचनामा होतो, पण कलम विकताना मातीची साधी तपासणीही होत नाही. माझी कलमे घेताना पावती मिळाली, जात लिहून मिळाली. मुळांविषयी एक ओळही नव्हती. कुठल्या पन्हेरीवाल्याला दोषी ठरवायला मी लिहीत नाही. त्यालाही कळायला मार्ग नसतो.

मार्ग काढता येतो, आणि तो स्वस्त आहे. भांड्यात माती घेऊन वर पाणी ओतायचे आणि त्यावर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. बीजाणू पोहत जाऊन त्या पानांना धरतात आणि काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. आमिष लावून मासा धरावा तसेच हे. तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेला एक सूक्ष्मदर्शक आणि एक शिकवलेला माणूस मिळाला, तर हे काम तिथे होऊ शकते.

केंद्राने २०२४ साली स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. त्याचे स्वागत आहे. पण त्याचा गाभा विषाणूमुक्त रोपे हा आहे. विषाणूमुक्त मातृवृक्षाचा डोळा रोगट मातीतल्या खुंटावर (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावर) भरला, तर शेतकऱ्याच्या हाती काय पडणार? म्हणून राज्याने विक्रीपूर्व माती आणि मुळांची तपासणी सक्तीची करावी, निकाल पिशवीवर छापावा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांना खुंटांवरील संशोधनासाठी सलग दहा वर्षांचा निधी द्यावा. आमच्याकडे वर्षानुवर्षे जंबेरी खुंट चालतो आणि तो या रोगाला लवकर बळी पडतो. रंगपूर लाइम त्या मानाने तग धरतो. पण भारी जमिनीत कोणता खुंट वीस वर्षे साथ देईल, याचे उत्तर दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून मिळत नाही. संत्र्याला खरे उत्पन्नच मुळी पाच वर्षांनी सुरू होते.

कलमे पावसाळ्यात विक्रीला निघतात. म्हणजे मातीचे नमुने त्याआधी, उन्हाळ्यातच घ्यायला हवेत.

माझ्या बागेत ६४ खड्डे रिकामे आहेत. रोग तिथल्या मातीत आहेच. वेगवेगळ्या खुंटांची कलमे लावून पाहायला संशोधकांना ती जागा हवी असेल, तर मी विनामूल्य देतो. पाणी माझे, राखणही माझी.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती