होनोलुलूच्या युकुलेलेवाल्या काकांचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानातली मुलं तुम्हाला अंकल म्हणत होती, म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते हवाईला सहकुटुंब जाणाऱ्या आणि तिथून युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, आणू म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी घराला कळायला हवं.

आमच्याकडे होतं ते निळं सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचं युकुलेले, समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका गजबजलेल्या दुकानातलं. खोक्यातून काढलं, पैसे घेतले, हातात दिलं. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायचे सूर) बेसूर लागतो म्हणून परत नेलं, तेव्हा उत्तर मिळालं की मुलीचं बोट नीट बसत नाही, सराव करू दे. त्यानंतर धाकटीने ते वाजवणंच सोडलं. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. विक्रेत्याला वाद्य तपासता येत नसेल तर नसेल, पण वाद्याचा दोष लेकराच्या बोटांवर ढकलायचा?

मग ते तुमच्या दुकानात आणलं. तुम्ही आधी चारही तारा मोकळ्या छेडल्यात. जी, सी, ई, ए, सगळ्या सुरात. सी कॉर्डही बरोबर, कारण त्यात फक्त ए तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची असते. मग ई तार पहिल्या पडद्यावर दाबलीत आणि ट्यूनरचा काटा वीस-पंचवीस सेंट वर गेला (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). एफ आणि जी सेव्हन या दोन्ही कॉर्डमध्ये हीच तार याच पडद्यावर दाबावी लागते. म्हणून एक कॉर्ड गोड आणि दुसरा बेसूर, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं.

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही आमच्याशी बोलला नाहीत. धाकटीसमोर खाली वाकून तिलाच सांगितलंत, "तुझं बोट अगदी बरोबर आहे. याचंच थोडं काम राहून गेलंय." स्वस्त आहे, रद्दी आहे, खेळणं आहे, असा एकही शब्द नाही. तिने स्वतः निवडलेलं निळं युकुलेले होतं ते, आणि तुम्ही ते तिच्या मनातून उतरू दिलं नाहीत. मागच्या भिंतीवर अखंड कोआची (हे हवाईचं लाकूड), हजार डॉलरच्या वरची वाद्यं टांगलेली होती. नवं विकायला याहून सोपी वेळ कुठली असती?

मग काम. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यावर जुन्या बिलाचा कपटा सरकवून पाहिलात. तिथे कागदाइतकीच फट हवी, इथे त्याच्या कितीतरी पट होती. म्हणजे खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीतली, नटमधली, खाच उथळ राहिलेली. तार उंचावरून खाली दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. पहिला पडदा नटच्या सर्वात जवळ, म्हणून तिथे सर्वात जास्त चढतो, आणि सोप्रानोची तार जेमतेम ३५ सेंटिमीटर, त्यामुळे ते लपतही नाही. तारेच्या जाडीची बारीक कानस, खुंट्यांच्या बाजूला किंचित उतार ठेवून दोन-तीन ओढी, तार परत बसवायची, सुरात लावायची, तपासायचं, पुन्हा. घाई केली आणि खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर खरखरते आणि नट भरून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. तुम्ही चारही खाचा अशा केल्यात. तारा हाताने हलकेच ओढून पुन्हा जुळवल्यात, कारण नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस उतरतच राहतात आणि तो बिघाड नसतो. या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत.

घरातल्या चौघांसाठी चार युकुलेले हवेत, असं म्हटल्यावर तुम्हीच म्हणालात, एकच आणखी घ्या. कॉन्सर्ट घ्या, म्हणजे सोप्रानोहून थोडं मोठं. त्याच्या पडद्यांमध्ये अंतर थोडं जास्त, मोठ्यांची बोटं मावतात, आणि तारा सोप्रानोसारख्याच जुळवतात, म्हणून तेच कॉर्ड दोन्हींवर चालतात. हातोहात फिरवायचं असेल तर त्याहून मोठं बॅरिटोन नको, त्याच्या तारा डी, जी, बी, ई अशा लावतात आणि एकाने शिकलेलं दुसऱ्याच्या कामी येत नाही. शिवाय एकाकडे फक्त सी आणि दुसऱ्याकडे फक्त एफ द्यायचा, गाणं पुढे जाईल तसं ज्याची पाळी त्याने वाजवायचं. कॉर्ड बदलायचा नाही म्हटल्यावर पाच वर्षांचं मूलही पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर वाजवतं. प्रवासात वाटून वाजवायची इतकी चांगली रीत आम्हाला दुसरी माहीत नाही.

कोआचं अखंड लाकडाचं वाद्य तुम्ही आम्हाला विकलं नाहीत, त्याचं कारणही सांगितलंत. अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, त्यात एसीच्या खोलीत, ते चिरू शकतं. थरांच्या लाकडाचं कॉन्सर्ट हे सोसतं, विमानात डोक्यावरच्या कप्प्यातही मावतं. सामानात टाकू नका, हे मात्र दोनदा बजावलंत.

आजी तोवर बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांचा सूर काळी एक. युकुलेलेच्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर: पाच, एक, तीन, सहा. पांढरी एक सा धरली तर प, सा, ग, ध. तुम्ही त्यांना गुणगुणायला सांगितलंत, ऐकलंत, आणि पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावलात. सगळे कॉर्ड अर्धा सूर वर गेले आणि आजींचा अभंग त्यात बसला.

१८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ऊसमळ्यांवर मजुरीसाठी जी माणसं हवाईत उतरली, त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी हे वाद्य तिथे घडवायला सुरुवात केली. असं काम करणाऱ्याला समोरच्याचं वाद्य कुठून घेतलंय हे विचारावंसंच वाटत नाही, ते सुरात यावं एवढंच वाटतं, हे तुमच्याकडे पाहून दिसलं. ज्याच्याकडून पुन्हा एक डॉलरही मिळायचा नाही त्याच्यासाठी कानस उचलणारी माणसं आहेत, म्हणून परक्या गावात पोरांना घेऊन जायची हिंमत होते.

निळ्या सोप्रानोवर एफ आता स्वच्छ लागतो. तारा बदलायची वेळ आली की तुम्ही म्हणालात तशा फ्लुरोकार्बनच्याच आणू. त्या नायलॉनपेक्षा बारीक असतात, तेव्हा तुम्ही घासलेल्या खाचांत सैल बसत नाहीत ना, ते आधी कागद सरकवून, मोकळी तार छेडून बघू.

तुमचे ऋणी,
पुण्याचं एक कुटुंब