वेन्सव्हिलच्या काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

नॉर्थ कॅरोलायनात, ग्रेट स्मोकी पर्वताच्या परिसरात वेन्सव्हिलजवळ आम्ही राहायला आलो, तेव्हा अस्वलाविषयीचे आमचे ज्ञान दोन मित्रांच्या गोष्टीपुरतेच होते. अस्वल समोर आले की श्वास रोखून मेल्यासारखे पडायचे, हे मुलांनाही पाठ होते. इथल्या काळ्या अस्वलाने क्वचित खरोखरच हल्ला केला, तर पडून न राहता हाती लागेल त्या वस्तूने त्याच्या तोंडावर प्रहार करायचा असतो, हे आपण त्यांना समोर बसवून समजावलेत. ते ताशी ३० मैलांच्या वेगाने धावते आणि झाडावरही चढते, म्हणून पळायचे नाही. हात वर करून, मोठ्याने बोलत, पाठ न फिरवता मागे सरकायचे, हे आपण अंगणात करून दाखवलेत. बिथरलेले अस्वल दात कसे वाजवते, तेही दाखवलेत. (धाकटा अजून जेवताना तो आवाज काढतो, त्याची जबाबदारी मात्र आपली.)

आधीच्या मालकांनी टांगलेले पक्ष्यांच्या दाण्यांचे भांडे आपण पहिल्याच दिवशी उतरवायला लावलेत, ग्रिलखालच्या तबकडीत थिजलेला चरबीचा थर खरवडून काढायला सांगितलात आणि कचऱ्याचा डबा रात्री बाहेर न ठेवता गाडी येण्याच्या सकाळीच ठेवण्याची सवय लावलीत.

एवढे सरकारी पत्रकांतही सापडते. पण कुरडया आणि काकघास त्यात कुठून असणार? सासूबाईंनी उन्हाळ्यात डेकवर कुरडया घालायचे ठरवले, तेव्हा आपण त्यांचे मन न मोडता दक्षिणेकडच्या काचेच्या खिडकीआत चादर अंथरून दिलीत. पितृपक्ष तर नेमका अशा दिवसांत येतो, जेव्हा थंडीच्या झोपेआधी चरबी साठवणारे अस्वल दिवसाला २०,००० उष्मांकांपर्यंत खाऊ शकते. ओकची फळे कमी धरली की ते घरांकडे अधिकच वळते. कावळा शिवेपर्यंत शेजारी उभे राहायचे आणि उरलेले पान लगेच आत आणायचे, हा आपला तोडगा सासूबाईंनाही पटला.

माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल दूर सोडले तरी पुष्कळदा परततेच आणि अखेर त्याला मारावे लागते, हे आपण सांगितल्यापासून आमची काळजी केवळ स्वतःपुरती राहिली नाही. मे महिन्यात दोन पिल्लांसह एक मादी आमच्या कुंपणापाशी आली, डब्याची कडी हुंगली आणि काही न मिळाल्याने ओढ्याकडे निघून गेली. आम्ही दार लावून आतूनच पाहत होतो.

नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिले आहे. आपण आमच्यासाठी इतका वेळ खर्च केलात, याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक ऋणी आहोत.

आपले नम्र,
वरच्या वळणावरचे शेजारी