पातेगळ

प्रिय गजू,

चार दिवस झाले गावी येऊन. परवा आईनं सीतादही केलं, वेचणीआधीची ती शेतातली पूजा, आणि कापसाची वेचणी सुरू झाली. मी वेचलेल्या कापसात निम्मा काडीकचरा निघाला, म्हणून बाबांनी मला धुऱ्यावर बसवलंय. बसल्या बसल्या हे पत्र.

मागे तू फोनवर विचारलं होतंस, "पेशी मरतात कशा हेच पाहण्यात जन्म घालवला, लेका, हाती काय लागलं?" तेव्हा मी विषय बदलला. खरं उत्तर बाबांना दिलं, तेही ऑगस्टमध्ये. पावसानं उघाड दिली नव्हती, पऱ्हाटीखाली पात्यांचा, म्हणजे कपाशीच्या कळ्यांचा, सडा. बाबा ओंजळभर पाते घेऊन ओसरीवर आले. "तुह्या मशिनीत पाह्य, हे काऊन मेले?"

मी सांगितलं, 1972 मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या एका वेगळ्याच मरणावर लेख लिहिला. सूज नाही, फुटाफूट नाही. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. नाव सुचवलं अ‍ॅबरडीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. अपॉप्टोसिस, म्हणजे झाडाची पानं, फुलाच्या पाकळ्या गळणं.

"म्हंजे पातेगळच ना बे?"

शास्त्र काटेकोर धरलं तर नाही. पाते गळतात ते देठाशी पेशींचा एक थर सैल होतो म्हणून, आणि आपल्या पेशींतले कॅस्पेस, म्हणजे पेशीला आतून कापणारी प्रथिनं, झाडात नसतात. पण बाबा पुढे म्हणाले, "झाडाले जेवढं पोसणं होते तेवढंच ठेवते," आणि मी गप्प बसलो. एक मिलिमीटरचा सूत्रकृमी आठवला. त्याच्या उभयलिंगी रूपाच्या वाढीत 1090 देहपेशी तयार होतात, त्यातल्या 131 ठरल्या वेळी मरतात, उरतात 959. प्रत्येक किड्यात त्याच 131. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सुल्स्टन यांना 2002 चं नोबेल मिळालं ते या किड्यावरच्या कामासाठी. त्याच वर्षी आपल्याकडे बीटी कपाशीला, बोंडअळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली. घरी कोणती बातमी पोचली ते तुला माहीत आहे.

मला या विषयानं धरलं ते एमएस्सीला. पेशीचा श्वास ज्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर चालतो, तेच मायटोकॉन्ड्रियातून, पेशीच्या ऊर्जाघरातून, बाहेर सांडलं की मरणाचा निरोप ठरतो, असं शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेनं 1996 मध्ये दाखवलं. वाचून मला पटलंच नाही. कॅस्पेस तर प्रत्येक पेशीत आधीपासून असतात, आढ्याला खोचलेल्या विळ्यासारखे. तो विळा खाली कोण काढतं आणि कोण काढू देत नाही, एवढ्यावरच माझी सगळी वर्षं गेली. त्यातली दोन तर फुकटच. दिवाळीच्या सुट्टीत फ्रीझर बंद पडला आणि गोठवलेल्या पेशींची एकही कुपी वाचली नाही. त्या पेशी कोणत्या प्रकारे मेल्या, हे तपासायचीही इच्छा उरली नव्हती.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी 1992 मध्ये मांडलं होतं की बहुतेक पेशींना जगत राहायला इतर पेशींकडून सतत निरोप लागतो; तो थांबला की पेशी स्वतःला संपवते. एका परिषदेत मी हे सांगून जेवायला बसलो, तर शेजारचे गृहस्थ हसत म्हणाले, "विदर्भाचे ना तुम्ही? म्हणून हा विषय!" मी ताट तसंच ठेवून उठलो. पेशीच्या डोक्यावर कर्ज नसतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. सुचलं रात्री, खोलीवर. तेव्हापासून रॅफ शिकवताना मी माणसांचं उदाहरण देत नाही, आणि कोणी दिलं तर थांबवतो.

आज डोमकळ्या दिसल्या, अळी लागल्यानं नीट न उमललेली फुलं. चार बोंडं फोडली, दोनांत गुलाबी अळी. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींना भोकं पाडतं. पण या अळ्यांना आता त्याचं काही वाटत नाही. बाबांना मी दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, हंगाम संपल्यावर पीक राखू नका, पऱ्हाटी वेळेत उपटा. ते "हो" म्हणतात आणि भाव पाहून ठरवतात.

शनिवारी येतोयस ना? येताना आर्वीहून कामगंध सापळ्यांचे ल्यूर, नर पतंगांना ओढणाऱ्या गंधाच्या गोळ्या, आण, गुलाबी अळीचेच. मागच्या वेळी दुकानदारानं दुसऱ्याच अळीचे दिले, आणि बाबांनी ते महिनाभर टांगून ठेवले होते.

तुझा,
विन्या