दहावीला मुक्त विद्यालयातून बसणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी सूचना

एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) माध्यमिक म्हणजे दहावीच्या प्रवेशाला वयाची 14 वर्षे पूर्ण हवीत. शाळेचा दाखला नसला तरी घाबरू नका. जन्मदाखला आणि स्वयंघोषणापत्र चालते. घोळ होतो तो नावात: जन्मदाखला आणि आधारमधले स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवून मगच फॉर्म भरा.

किमान 5 विषय, त्यांत एक तरी भाषा. विज्ञान घेतल्यास प्रात्यक्षिकही असते, त्यात वेगळे 33 टक्के लागतात. गृहकार्याला (टीएमए) 20 टक्के भार असतो, तरी तेच शेवटी राहते. महिन्याला एका विषयाचे उरका.

पाचही विषय एकदम देण्याचा अट्टहास कशाला? नोंदणी 5 वर्षे टिकते, उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात. आधी दोन सोपे विषय द्या, मुलाची भीड चेपेल.