ट्रिमिंगच्या टेबलावरून आम्हाला मशीनवर कधी नेणार? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी टायरच्या कारखान्यात काम करते. आयटीआय केल्यावर ॲप्रेंटिस म्हणून आत गेले आणि टायर बिल्डिंग मशीनवर, म्हणजे रबराचे थर जोडून कच्चा टायर बनवतात त्या मशीनवर, शिकले. शिकणे पूर्ण झाले की मशीनवरच घेऊ, असे भरतीच्या वेळी आम्हा मुलींना सर्वांदेखत सांगितले होते. गेल्या आठवड्यात यादी लागली. बरोबरीने शिकलेली मुले ऑपरेटर झाली आणि आम्हा सगळ्या मुलींची नावे ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेली, काम फिनिशिंगमध्ये ट्रिमिंगचे, म्हणजे तयार टायरवरचे जादा रबर कापण्याचे. कारण विचारले तेव्हा दोन उत्तरे मिळाली. रात्रपाळीला बायकांची सोय नाही, आणि टायर तापवून पक्का करणाऱ्या प्रेसकडचा धूर बायकांना सोसत नाही.

साहेब, रात्रपाळीची सबब आता कोणत्या कायद्याच्या आधारे सांगितली जाते? १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ६६ व्या कलमाने आम्हाला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत बांधून ठेवले होते. महाराष्ट्राने २०१५ मध्येच दुरुस्ती करून ती गाठ सैल केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आणि त्यांतल्या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेच्या ४३ व्या कलमाप्रमाणे स्त्रीला सर्व प्रकारच्या कामांवर, तिची संमती असेल तर रात्रीही, घेता येते. सुरक्षिततेची व्यवस्था मात्र मालकाने करायची आहे. म्हणजे गाडी मालकाने द्यायची, ती त्याने दिली नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून मशीन माझ्या हातून गेले. संमती देते म्हणून मी लेखी अर्ज केला होता. त्याची पोचही मला मिळाली नाही.

आता धुराचे. टायर प्रेसमध्ये दीडशे अंशांच्या वर तापतो, गंधकाने रबर पक्के होते आणि साचा उघडला की वाफ अंगावर येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रबर उद्योगातील काम १९८७ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तिथे माणूस म्हटले आहे, बाई म्हटलेले नाही. धूर वाईट असेल तर तो प्रेसवरच्या माझ्या भावांनाही वाईटच आहे. तो ओढून घेणारी यंत्रणा दुरुस्त करायची, सर्वांची नियमित तपासणी करायची, की बायकांना दाराबाहेर काढून विषय मिटवायचा? आणि ट्रिमिंगचे टेबल प्रेसपासून कितीसे लांब आहे, हे एकदा कोणीतरी येऊन पाहावे.

बिल्डिंगला ताकद लागते, असेही ऐकवतात. ड्रमवर लायनर, म्हणजे आतला रबरी थर, गुंडाळून त्याचा जोड अचूक बसवायचा, दोऱ्यांच्या थराची प्लाय चढवायची, कडेचा तारेचा बीड बसवायचा, बाजूची साइडवॉल आणि रस्त्याला टेकणारा ट्रेड लावायचे आणि जोडावरून रोलर दाबत नेऊन आतली हवा काढायची. हवा राहिली तर प्रेसमधून निघालेल्या टायरवर फुगा येतो आणि अख्खा टायर स्क्रॅपला जातो. या कामाला हात आणि नजर लागते. माझ्या हातचे किती टायर परत आले, हे शिफ्टच्या वहीत लिहिलेले आहे. ती वही उघडा आणि मग माझी लायकी ठरवा.

आज मी आठ तास उभी राहून, साच्याच्या बारीक भोकांतून टायरवर उमटलेले रबराचे केस सुरीने काढते. उजवे मनगट सुजलेले असते. काजळी नखांत आणि हाताच्या रेषांत इतकी बसते की साबणाने जात नाही, म्हणून लेकीला हाताने भरवता येत नाही, चमच्याने भरवावे लागते. रात्री मनगटाला शेक घेते आणि सकाळी पुन्हा तीच सुरी धरते. हजेरी रोजची, बढतीचा रस्ता नाही, आणि आजारपण काढले तर ठेकेदार दुसरी बाई आणतो. यासाठी मी आयटीआय केला नव्हता. घरच्यांशी भांडून मी तो केला होता.

तुम्ही व्यासपीठांवरून स्त्रीशक्तीबद्दल बोलता. २०२४ मध्ये राज्याचे चौथे महिला धोरण आले. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. मग त्या मुली पुढे कुठे जातात, हे तुमच्यापैकी कोणी विचारले? पाळणाघरासाठी पूर्वी तीसहून अधिक बायका मोजायचे, २०१७ पासून पन्नास कर्मचारी पुरतात. आमच्या कारखान्यात माणसे शेकड्यांनी आहेत आणि पाळणाघर नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्याच मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तासांनी घरी येणाऱ्या आईचे मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणाच्या तोंडून निघाला का? मालकाच्या अडचणी सांगायला संघटना आहेत, सल्लागार आहेत. ठेकेदाराच्या बाईला तुमच्या दालनापर्यंत कोण पोहोचू देते?

माझे मागणे एवढेच. टायर व रबर कारखान्यांकडून विभागवार आणि पाळीवार माहिती घ्या : मिक्सिंग, कॅलेंडर (रबराचे पातळ थर लाटणारा विभाग), बिल्डिंग, क्युरिंग (प्रेसचा विभाग), फिनिशिंग यांत बायका किती, आणि त्यांतल्या कायम किती. ती माहिती कारखान्याच्या दारावर लावायला सांगा. मशीनवर प्रशिक्षण घेतलेल्या मुलींना त्याच मशीनवर घेतले नाही, तर व्यवस्थापनाकडून लेखी कारण मागा. रात्रीची गाडी नसलेल्या कारखान्यावर कारवाई करा. उत्तर लेखी द्यावे; ते आम्ही आमच्या खात्याच्या सूचना फलकावर लावू.

आपली,
ठेकेदाराकडील एक महिला कामगार