दुग्धव्यवसायाच्या इतिहासात च्यू चाँग यांनाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय दुग्ध दिनानिमित्त आपण प्रसिद्ध केलेल्या पुरवणीत आणंदच्या सहकारी चळवळीवर आणि पुणे जिल्ह्यातील दूध संघांवर सविस्तर लेख होते. ते वाचून समाधान वाटले. मात्र या विषयावरील आपल्याकडच्या बहुतेक लेखनात खासगी डेअरीवाला एकाच भूमिकेत दिसतो. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पोल्सन या खासगी डेअरीच्या मक्तेदारीविरुद्ध पुकारलेला लढा आणि त्यातून १९४६ मध्ये उभा राहिलेला सहकारी संघ (आजचा ‘अमूल’) यांचा ठसा आपल्या मनावर इतका खोल आहे की, सहकारापूर्वीचा काळ म्हणजे निव्वळ पिळवणुकीचा काळ असे आपण धरून चालतो. भिलवडीहून येऊन १९५० मध्ये पुण्यात दुकान सुरू करणाऱ्या चितळ्यांच्या शहरात तरी हा समज इतका पक्का नसावा. या संदर्भात न्यूझीलंडमध्ये लोण्याचा कारखाना काढणारे चिनी व्यापारी च्यू चाँग यांचे चरित्र मराठी वाचकांपुढे यावे, असे मला मनापासून वाटते.

च्यू चाँग मूळचे दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात काही वर्षे दुकानदारी करून १८६०च्या दशकात ते न्यूझीलंडमध्ये आले आणि १८७०च्या सुमारास तारानाकी भागात स्थिरावले. तेथे युरोपातून आलेली गरीब कुटुंबे दाट जंगल तोडून जमीन मोकळी करत होती. तोडून टाकलेले ओंडके पावसात कुजत पडत आणि त्यांवर कानाच्या आकाराची एक बुरशी उगवे. त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती निरुपयोगी होती. पण चिनी स्वयंपाकात आणि औषधांत तिला मोठी मागणी आहे, हे च्यू चाँग जाणत होते. त्यांनी ती वाळवून आणणाऱ्याकडून विकत घेऊन चीनला पाठवण्यास सुरुवात केली आणि तिचा मोबदला रोख दिला.

हा रोख व्यवहार मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. त्या काळी शेतकऱ्याच्या घरचे लोणी दुकानदार घेत, पण त्याच्या बदल्यात किराणा देत. हाती पैसा येत नसे. जमिनीचा कर मात्र पैशातच भरावा लागे, गाय घ्यायची तर तीही पैशातच. बायकामुलांनी रानातून गोळा केलेल्या बुरशीच्या पैशावर अनेक कुटुंबांनी कर भरले आणि जमिनी राखल्या. दर दहा दिवसांनी येणाऱ्या ‘दुधाच्या पगारा’वर किराणा, शाळेची फी आणि औषधपाणी चालवणारी घरे ज्यांनी इंदापूर, दौंड, शिरूर भागात पाहिली आहेत, त्यांना या रोख रकमेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे त्यांनी लोण्याकडे लक्ष वळवले. घरोघरचे लोणी एकत्र केले की त्याची प्रत सारखी राहत नाही आणि इंग्लंडपर्यंतच्या दीर्घ समुद्रप्रवासात ते टिकत नाही, ही त्या धंद्यातील खरी अडचण होती. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ जहाजातून गोठवलेले मांस इंग्लंडला सुखरूप पोहोचले, तेव्हा लोण्यासाठीही वाट खुली झाली. १८८७ मध्ये च्यू चाँग यांनी तारानाकीतील एल्थम येथे लोण्याचा कारखाना उभारला आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याचे नाव ‘ज्युबिली’ ठेवले. लोणी थंड राखणारी यंत्रणा त्यांनी त्या देशात फार लवकर बसवली. १८८९-९० च्या डनेडिन शहरातील प्रदर्शनात निर्यातयोग्य लोण्यासाठीचा रौप्यचषक त्यांच्या कारखान्याने मिळवला.

त्यानंतर त्या भागातील शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी कारखाने काढले, दूध तिकडे वळले आणि च्यू चाँग यांना आपला व्यवसाय सोडावा लागला. शेतकऱ्यांचा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. आपल्या दुधावर आपली मालकी असावी, ही इच्छा खेडा जिल्ह्यात योग्य होती, तशी एल्थममध्येही योग्यच होती. तरीही ज्या माणसाने लोणी निर्यातीची वाट घालून दिली, त्याचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. तारानाकीच्या लोकांनाही ते मान्य होते. च्यू चाँग यांच्या उतारवयात तेथील लोकांनी त्यांना मानपत्र देऊन गौरविले. १९२० मध्ये न्यू प्लिमथ येथे त्यांचे निधन झाले.

हे सारे कोणत्या परिस्थितीत घडले, तेही ध्यानात घ्यायला हवे. न्यूझीलंडने १८८१ च्या कायद्याने देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला आणि १८९६ मध्ये तो १०० पौंडांवर नेला. अन्य कोणत्याही देशाच्या लोकांना तो नव्हता. ज्या वर्षांत च्यू चाँग यांचे लोणी त्या देशाची पत वाढवत होते, त्याच वर्षांत त्यांच्या जातभाईंना उंबरठ्यावरच अडवले जात होते. या कराबद्दल तेथील सरकारने २००२ मध्ये जाहीर माफी मागितली.

आज महाराष्ट्रातील दूध संकलनाचा मोठा वाटा खासगी डेअऱ्यांकडे आहे आणि दराचा प्रश्न दरवर्षी रस्त्यावर येतो. अशा वेळी ‘सहकारी की खासगी’ एवढीच चर्चा न करता, शेतकऱ्याला पैसे केव्हा, किती आणि कोणत्या स्वरूपात मिळतात, या कसोटीवर दोघांनाही तपासणारे लेखन आपल्या वृत्तपत्राने करावे. तसेच पुढील पुरवणीत च्यू चाँग यांच्यावर एक सचित्र लेख द्यावा आणि त्याच्या जोडीला, त्यांच्याप्रमाणेच परदेशातून, म्हणजे इराणातून, पुण्याच्या कॅम्पमध्ये येऊन बेकऱ्या व उपाहारगृहे उभारणाऱ्या कुटुंबांचीही नोंद घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, धायरी, पुणे