स्वप्नांसाठी राखलेली वेळ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

"पुढे काय करायचं याचा विचार करायलाही वेळ नाही गं आई," असं तू परवा म्हणालीस आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळलीस. ते वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. सावकाश वाच. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

तू तुझं वेळापत्रक मला दाखवलंस तेव्हा मी ते नीट पाहिलं होतं. मीटिंगांचे निळे चौकोन, व्यायामाचा हिरवा, ऑनलाइन कोर्सचा जांभळा, मैत्रिणींसाठी पिवळा. रविवारी दुपारीसुद्धा 'आराम' असा चौकोन होता आणि त्यालाही वेळ ठरलेली, दोन ते चार. सगळं कसं शिस्तीत. पण यातलं काय तुला मनापासून हवं म्हणून आलंय आणि काय कुणीतरी सुचवलं म्हणून, ते मला ओळखता येईना. बहुधा तुलाही पटकन सांगता येणार नाही. आठवड्याचे १६८ तास आपण भरले नाहीत तर दुसरं कुणीतरी ते भरतं, आणि बहुतेकदा चांगल्या हेतूनेच भरतं. त्यामुळे ते खटकतही नाही.

लहानपणी तू जमिनीवर पालथी पडून एका बेटाचा नकाशा काढायचीस, आठवतं? नद्यांना नावं होती, दीपस्तंभापासून विहिरीपर्यंत किती पावलं हे तू कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवायचीस. ते अंतर चुकलं म्हणून एकदा अख्खा किनारा खोडून पुन्हा काढलास. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याला मार्कही नव्हते. तुझ्यात तो ध्यास आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून "मला स्वप्नंच पडत नाहीत आता" हे तुझं म्हणणं मला पटत नाही. त्या ध्यासाला बसायला जागा उरलेली नाही, एवढंच झालंय.

ती जागा करणं सोपं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच दिवशी तू स्वतःला दोष देत बसशील. २०१४ साली अमेरिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. लोकांना एका खोलीत नुसतं आपल्या विचारांबरोबर बसायला सांगितलं होतं, फार तर पंधरा मिनिटं. एका प्रयोगात जवळ एक बटण होतं, ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकीही १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी ते बटण दाबलं. रिकामं बसणं माणसाला इतकं जड जातं. तेव्हा सुरुवातीला जीव कासावीस होणारच. राहिलेली सगळी कामं नेमकी तेव्हाच आठवतील. जवळ कागद ठेव, आठवलेलं काम त्यावर टाक आणि बसून राहा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत, गाणी ऐकायलासुद्धा नको.

मन नुसतं भरकटू देणं म्हणजे स्वप्न पाहणं, असं मला म्हणायचं नाही. तेवढं तर दिवसभर होतच असतं. हजारो लोकांना दिवसातून मधूनच फोनवर विचारून केलेला एक अभ्यास २०१० साली आला होता. जागेपणीचा जवळजवळ ४७ टक्के वेळ माणसांचं मन हातातल्या कामात नसतं, आणि तेव्हा ती कमी आनंदी असतात, असं त्यात दिसलं. म्हणून बसताना एखादा प्रश्न घेऊन बस. गेल्या काही दिवसांत कशात वेळेचं भान हरपलं? कुणालाही सांगायचं नसेल, फोटो काढायचा नसेल, तरी मी काय करेन? आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न: हेवा कुणाचा वाटला? हेव्याची लाज वाटून घेऊ नकोस. दुसऱ्याच्या पगाराचा हेवा वाटला की दुसऱ्याच्या मोकळ्या सकाळीचा, यात खूप काही कळतं.

आन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ साली पॅरिसमधल्या एका भाषणात स्वतःचा अनुभव सांगितला होता. कितीतरी दिवस एका प्रश्नाशी झुंजून तो सहलीला गेला, गणित पार विसरला, आणि घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्याला हवी असलेली कल्पना सुचली. ही गोष्ट सांगून लोक थांबतात. त्याने पुढे सांगितलेलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: आधी नेटाने काम केलेलं असेल आणि नंतरही केलं, तरच अशा सुचण्याला फळ येतं. म्हणजे तुझी मेहनत वाया जात नाहीये. तिच्या मधोमध थोडी उसंत हवी आहे.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण 'मोठी स्वप्नं पाहा' असं सगळेच म्हणतात. गॅब्रिएल ओएटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला. जे यशाची गोडगोड चित्रं जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांनी पाहिलं तर अर्ज कमी केले होते आणि त्यांना पगारही कमी मिळत होता. मनातल्या मनात पोहोचल्याचं समाधान मिळालं की पाय उचलत नाहीत. ओएटिंगेनबाईंचा उपाय मला फार आवडतो. स्वप्न स्पष्ट पाहायचं आणि लगेच स्वतःला विचारायचं, माझ्या आतली कुठली गोष्ट याच्या आड येते? बॉस, पैसे, गर्दी ही उत्तरं खरी असतील, पण ती पहिली. त्यांच्या मागे भीती असते, किंवा कुणाला नाही म्हणता न येणं. तुझ्या बाबतीत मला हे दुसरं वाटतं. चुकत असेन तर सांग.

मग निश्चय मोघम ठेवायचा नाही. 'वेळ काढीन' याला अर्थ नाही. 'बुधवारी ऑफिसातून आले की, कपडे बदलून, खिडकीपाशी वही घेऊन बसेन' असं ठरव. केव्हा, कुठे आणि काय हे आधी ठरवलं की गोष्ट घडण्याची शक्यता खरोखर वाढते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी हे मांडलं आणि पुढे ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासलं, तेव्हाही ते टिकलं.

बुधवारची ती वेळ झोपेतून काढायची नाही, हे आईचं ऐकच. जांभळा चौकोन काढून टाक. तो कोर्स तू 'सगळे करतात' म्हणून घेतलास, हे तूच बोलून गेली होतीस. एकवीस दिवसांत सवय लागते हेही खरं मानू नकोस. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ इतके लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलंही नाही.

वहीत जे उतरेल त्यातून लगेच नोकरी सोडायचा बेत निघायला हवा असं नाही. पाच वर्षांचा आराखडा तर नकोच. कदाचित एवढंच कळेल की तुला पुन्हा चित्रं काढायची आहेत, किंवा सध्याच्याच कामातला एक भाग तुला फार आवडतो आणि तोच तुझ्या वाट्याला कमी येतो. तेवढंही मला पुरे आहे. ती वही मला दाखवू नकोस, मी विचारणार नाही.

बुधवारी संध्याकाळी मी यापुढे फोन करणार नाही. बाबांनाही सांगून ठेवलंय. गुरुवारी तुला जमेल तेव्हा तूच कर.

तुझी,
आई